माळकरी आजी आणि थाई जेवण

आम्हां देगलूरकरांना हैदराबाद काही परकं नाही. जिल्ह्याचं गाव नांदेड असलं तरी लग्नाचा बस्ता असो की घरातलं मोठं दुखणं, आमच्या मागच्या पिढीचे पाय हैदराबादकडेच वळायचे. १९४८ सालापर्यंत आम्ही निजामाच्या राज्यातच होतो ना! पुढे १९५६ साली भाषेप्रमाणे राज्यं झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण आमच्याच देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं पलीकडे आंध्रात राहिली; आता ती तेलंगणात आहेत. माझ्या सासूबाईंचं माहेर बिचकुंद्याचं. लहानपणी त्यांचं माहेर नि त्यांचं सासर एकाच तालुक्यात होतं, आता मधे राज्याची सीमा आहे. घरात मराठी, माहेरी गेल्या की तेलुगू, आणि बाजारात आपली दखनी हिंदी, अशा तिन्ही भाषा त्यांच्या तोंडात सारख्याच बसलेल्या.

आता लेक-जावई नोकरीसाठी हैदराबादेत, गच्चीबावलीच्या बाजूला राहतात. मोठमोठ्या काचेच्या इमारती, रात्री बारालाही न थांबणारी वाहनं. तिकडे गेलो की आम्ही सुलतान बाजारात साड्या बघणार, चारमिनारला चक्कर मारणार, इराणी चहा पिणार, हे ठरलेलं. या खेपेला मात्र लेकीनं जाहीर केलं, "आज आजीला माझ्या पगारातून जेवायला नेणार. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच थाई हॉटेल आहे."

मैत्रिणींनो, माझ्या पोटात गोळाच आला. सासूबाई माळकरी. आमचं देगलूर वारकरी परंपरेचं गाव. धुंडा महाराज देगलूरकरांचं नाव कीर्तनासाठी महाराष्ट्रभर झालं. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे ती लग्नाआधीपासूनची. सत्तर वर्षं पाळलेला नेम नातीच्या हौसेपायी मोडायला नको, आणि नातीचं मनही मोडायला नको! हे म्हणाले, "आईला दहीभात मागवू." पण नातीच्या पहिल्या मेजवानीत आजीनं कोपऱ्यात दहीभात खायचा, हे माझ्या मनाला पटेना.

हॉटेल छोटंसंच होतं. आठ-दहा टेबलं, खिडकीत कुंड्या. आमच्या तरुणपणी बाईमाणसानं हॉटेलात जायचं म्हणजे पडदा लावलेली 'फॅमिली रूम' शोधायची. इथे पडदाबिडदा काही नाही. सासूबाईंनी पदर सावरून इकडेतिकडे पाहिलं नि खुर्चीवर चांगली मांडी घातली.

वाढप्या मुलानं यादी आणली. लेक म्हणाली, "हिरव्या पाल्याचं चित्र असलेले पदार्थ शाकाहारी." मी त्या मुलाला विचारलं, "यात मासळीचा अर्क घालता का?" थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी बरेचदा 'नाम प्ला' घालतात. लहान मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं ते पाणी असतं. आणि रश्श्याच्या तयार वाटणात सुकट कुटून घातलेली असते. भाजी भाजीचीच दिसते, पण आत मासळी असते. मुलगा म्हणाला, "सब व्हेज है, मॅडम." मी म्हटलं, "आत विचारून ये." लेक कानाशी कुजबुजली, "आई, किती विचारशील!"

तेवढ्यात सासूबाईंनीच सूत्रं हाती घेतली. मुलाच्या बोलण्यावरून त्यांनी ओळखलं होतं, हा आपल्या मुलखाकडचा. त्यांनी गळ्यातली माळ पुढे धरली आणि तेलुगूत विचारलं, "इंदुलो चेप लेदु कदा?" म्हणजे, यात मासा नाही ना? मुलगा एकदम ओशाळला. "आगा, अम्मा," म्हणत आत पळाला. परत आला तो स्वयंपाक्यालाच घेऊन. खरी गोष्ट अशी निघाली की, यादीवर पाला छापलेल्या दोन पदार्थांत तयार वाटण होतं आणि त्यात सुकट होती! स्वयंपाकी भला माणूस. म्हणाला, "अम्मांसाठी ताजं वाटण वाटतो, वेगळ्या कढईत करतो. वीस मिनिटं लागतील." लेकीनं हळूच माझा हात दाबला.

त्या वीस मिनिटांत जावईबापूंनी आजीला थायलंडची माहिती दिली. तिथेही लोक एक उत्सव पाळतात, साधारण आपल्या नवरात्राच्याच सुमारास, नऊ दिवस. फुकेत गावात तो मोठा असतो. त्या दिवसांत मांस-मासे बंद, इतकंच काय, कांदा-लसूणही बंद! अशा शुद्ध जेवणाला तिकडे 'जे' म्हणतात आणि दुकानांवर पिवळे झेंडे लावतात. हे ऐकल्यावर सासूबाईंना तो देश एकदम आवडला. "म्हणजे त्यांचाही चातुर्मासच की!" त्या म्हणाल्या.

मग जेवण आलं. गवती चहा घातलेलं आंबट-तिखट सार. त्यालाच टॉम यम म्हणतात. त्याच्या कोळंबीच्या प्रकाराला २०२४ साली युनेस्कोनं आपल्या वारसा यादीत घेतलं आहे. आमचं अर्थात मशरूमचं. मग कच्च्या पपईचा कीस, मिरची, लिंबू, गूळ नि शेंगदाणे घालून उखळात ठेचलेला. सासूबाई म्हणाल्या, "हा तर ठेचाच आहे, फक्त पपईचा." नारळाच्या दुधातला हिरवा रस्सा आणि मऊ भात. चिंच, गूळ, दाणे, मिरची, सगळं आपल्याच फळीवरचं. मिरची ना त्यांची ना आपली. अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आशियात आली. नारळ मात्र आमच्याकडे देवापुढे फोडायचा नि प्रसादाला वाटायचा. त्याच्या दुधात वांगी शिजतात याचं सासूबाईंना फार नवल वाटलं.

मला मात्र दुसरीच गोष्ट भावली. थाई पद्धतीत सगळे पदार्थ एकदम मधोमध ठेवतात. प्रत्येकानं आपल्या ताटलीत भात घ्यायचा, उजव्या हातात चमचा, डाव्या हातातल्या काट्यानं घास चमच्यावर ढकलायचा, आणि मधल्या भांड्यांतून थोडं थोडं घेत राहायचं. वाढणारी बाई उभी नाही, मागून जेवणारी कुणी नाही. सासूबाई, मी आणि लेक, तिन्ही पिढ्या पुरुषांबरोबर एकाच वेळी, गरम गरम जेवलो. सासूबाई मधेच थांबून म्हणाल्या, "अगं, माझा भात अजून गरम आहे." एवढंच म्हणाल्या. पण लग्नानंतर किती वर्षं त्यांनी गार भात खाल्ला असेल, याचा हिशेब माझ्या मनात सुरू झाला. घरी आल्यापासून रात्रीची भाकरी मी आधी सगळ्या करून डब्यात ठेवते, आणि आम्ही सगळे एकदम बसतो. फुगलेली भाकरी तव्यावरून थेट ताटात पडत नाही खरी, पण यांनी अजून तक्रार केलेली नाही.

थाई जेवण पूर्वी बड्या हॉटेलांपुरतंच होतं. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात १९९३ साली 'थाई पॅव्हेलियन' निघालं, त्याचं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! आता मोठ्या शहरांत ते गल्लीत आलं आहे. तुम्ही गेलात तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घरात कुणी माळकरी असेल तर 'व्हेज' शब्दावर न थांबता 'मासळीचा अर्क आणि सुकट नको' असं स्पष्ट सांगा, आणि कढई वेगळी मागा. बाजारातलं तयार वाटण घेताना डब्यावरचे घटक वाचा.

घरीही हा रस्सा छान होतो. चार माणसांना सहा हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर देठांसकट, गवती चहाच्या दोन काड्यांचा खालचा पांढरा भाग, इंचभर आलं, चमचाभर धणे-जिरे, लिंबाची थोडी किसलेली साल, असं बारीक वाटा. लसूण चालत असेल तर चार पाकळ्या. एका नारळाचं घट्ट आणि पातळ दूध वेगवेगळं काढा. थोडं घट्ट दूध कढईत तेल सुटेपर्यंत आटवा, त्यातच वाटण परता. मग पातळ दूध, वांगी, भोपळा, घेवडा घालून शिजवा. मीठ, गुळाचा खडा आणि उरलेलं घट्ट दूध शेवटी. लिंबू पिळायचं ते खाली उतरवल्यावर.

आमच्याकडे गेल्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याला, हा रस्सा केला होता. सासूबाईंनी लसूण वगळायला लावला आणि शेजारच्या दोघींना वाटीवाटी धाडला, वर निरोप, "हे आमच्या नातीच्या गावचं."