‘ओर्या’ म्हणजे गुलाम : एका शब्दावरून आम्ही केलेली घाई

आमची पुतणी फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. तिथे नोकरी टिकवायची तर फिन्निश यायलाच हवी. दर रविवारी फोनवर ती आठवड्याचे शब्द म्हणून दाखवते आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतो. साठीत हे काय नवे खूळ, म्हणून घरात हसतात. हसू द्या.

फिन्निश भाषा आपल्या किंवा इंग्रजीच्या कुळातली नाही. ती इस्टोनियन, हंगेरियन यांच्या युरालिक कुळातली. त्यामुळे सुरुवातीला एकही शब्द ओळखीचा वाटेना. पुस्तक म्हणजे ‘किर्या’, ग्रंथालय म्हणजे ‘किर्यास्तो’, लेखक म्हणजे ‘किर्याइलिया’. ‘तिएतो’ म्हणजे ज्ञान, ‘कोने’ म्हणजे यंत्र, म्हणून संगणक झाला ‘तिएतोकोने’. आईला ‘ऍइती’ म्हणतात, आणि हा शब्द जर्मानिक भाषांकडून उसना घेतलेला आहे. आईसाठीचा शब्दसुद्धा उसना! आपल्याकडच्या भाषाशुद्धीवाल्यांना हे सांगायला हवे. तो आणि ती यांना मिळून एकच सर्वनाम आहे, ‘हॅन’.

मग एका रविवारी शंभरचा आकडा आला, ‘सता’. आम्ही थांबलो. हे तर ‘शत’! हातोड्याला ‘वसरा’ म्हणतात, त्याचे नाते ‘वज्र’शी जोडतात. हजारो वर्षांपूर्वी फिन्निशच्या पूर्वज भाषा बोलणाऱ्यांचा इंडो-इराणी भाषा बोलणाऱ्यांशी संबंध आला, तेव्हा हे शब्द घेतले गेले. त्याच थरातला म्हणून बहुतेक अभ्यासक आणखी एक शब्द दाखवतात : ‘ओर्या’. मूळ शब्द ‘आर्य’. फिन्निशमध्ये अर्थ : गुलाम.

मित्रांनो, खरे सांगतो, आम्हाला गुदगुल्या झाल्या. ज्या शब्दाच्या जोरावर पिढ्यानपिढ्या आमच्या डोक्यावर पाय दिला गेला, तो शब्द जगाच्या एका टोकाला गुलामासाठी वापरतात! आम्ही लगेच कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटात तीन उद्गारचिन्हांसह टाकले. अर्ध्या तासात शंभर ठिकाणी फिरले.

पुढच्या रविवारी पुतणीने विचारले, “काका, इंग्रजीतला ‘स्लेव्ह’ कुठून आला माहीत आहे ना? स्लाव्ह लोकांवरून. त्यांना पकडून विकायचे म्हणून. मग त्यांनाही हसायचं का?”

आमच्याकडे उत्तर नव्हते.

‘ओर्या’चा अर्थही बहुधा असाच तयार झाला असावा. लढाईत पकडून आणलेली माणसे स्वतःला ज्या नावाने सांगत, तेच नाव पकडणाऱ्यांच्या तोंडी ‘गुलाम’ झाले. आणि आपल्याकडे? ऋग्वेदात ‘दास’ हे आर्यांच्या शत्रूंचे नाव आहे, पुढे संस्कृतात त्याचा अर्थ गुलाम झाला. म्हणजे एकच कारखाना दोन्हीकडे चालला. जो हरतो त्याचे नाव हीन होते. यात रक्ताचा संबंध कुठे आला? शब्द ठरवतो तो जिंकणारा.

बाबासाहेबांनी 1946 साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी वेदांतले पुरावे तपासून आर्य नावाचा वेगळा वंश असल्याची कल्पना नाकारली. हा ग्रंथ आमच्या कपाटात तीस वर्षे आहे. तरीही आम्ही एका फिन्निश शब्दावरून वंशाची गंमत करायला धावलो. ‘त्यांचे पूर्वज गुलाम’ असे म्हणून आपण खूश होतो, तेव्हा गुलाम असणे ही लाजेची गोष्ट आहे हे मान्य करून बसतो. लाज गुलाम करणाऱ्याला वाटली पाहिजे.

पुतणीने त्या दिवशी दुसरा शब्द दिला, ‘मुस्तलाइनेन’. ‘मुस्ता’ म्हणजे काळा. फिनलंडमधल्या रोमा लोकांना या नावाने हाक मारत आले, आणि आज ते नाव अपमानाचे मानतात. हे लोक स्वतःला ‘काले’ म्हणवतात. अर्थ तोच, काळा, पण हे त्यांनी स्वतः घेतलेले नाव. रोमानी भाषा भारतातून गेलेली. तिच्यात पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’ म्हणतात. फिनलंड स्वीडनच्या ताब्यात असताना, 1637 साली, रोमा पुरुषांना चौकशीशिवाय फासावर देण्याचा कायदा झाला होता. आजच्या फिनलंडच्या संविधानाच्या 17व्या कलमात सामी आणि रोमा यांचा आपली भाषा व संस्कृती जपण्याचा हक्क नावानिशी लिहिलेला आहे. संविधानाने सगळे मिटते असे नाही, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

वहीतला शेवटचा शब्द आमच्या मनातून जात नाही. समतेला ते ‘तसा-आर्वो’ म्हणतात. ‘तसा’ म्हणजे समान, ‘आर्वो’ म्हणजे मूल्य. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते ते हेच : मताला समान मूल्य देऊ, पण समाजात माणसाला समान मूल्य नाकारत राहू. आणि प्रजासत्ताकाला फिन्निशमध्ये ‘तसावल्ता’, म्हणजे समान सत्ता. आपल्या ‘प्रजासत्ताक’ शब्दात अजून ‘प्रजा’ आहे. प्रजा कुणाची? राजाचीच ना! 26 जानेवारीला झेंड्याला सलाम करताना हा प्रश्न कुणाला पडतो?

गटात आम्ही दुरुस्ती टाकली. ‘आधीचा संदेश घाईत लिहिला, पुढे पाठवू नका,’ एवढेच. दोघांनी अंगठे दाखवले. एका जुन्या सहकाऱ्याने काल तोच पहिला संदेश आम्हालाच पाठवला, वर लिहिले होते, ‘दादा, हे वाचलंत का?’