खान कोणाचा?

दिवाळी जवळ आली की पुण्याच्या कुंभारवाड्यात मावळ्यांची फौज उतरते. वीतभर उंचीचे, रंगवलेले बाहुले. सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, भालदार-चोपदार, तोफा, डोक्यावर घागर घेतलेली बाई, बैलजोडीवाला शेतकरी, गुहेत ठेवायचा वाघ. मुलं दगड, माती आणि पोती जमवून किल्ला बांधतात आणि त्यावर अळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवतात. ही रीत मूळची पुणे-सातारा-कोल्हापूरकडची. आमच्या बीबीत, लोणार तालुक्यात, माझ्या लहानपणी ती नव्हती. आता मोबाइल आणि शाळांच्या स्पर्धांमुळे ती सगळीकडे पोहोचली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात प्रतापगडही आहे. त्यामुळे मातीच्या किल्ल्यांचा उत्साह आणखी वाढला आहे.

या फौजेत एक बाहुला असा असतो, जो घेतला जातोच मुळी मारला जाण्यासाठी. तो म्हणजे अफझलखान. काही बाहुल्यांत महाराज आणि खान एकाच साच्यात जोडलेले असतात, १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीच्या क्षणात. काहींत खान सुटा मिळतो, धिप्पाड आणि दाढीवाला. खलनायकाची मूर्ती घरात ठेवावी का, तिचा संग्रह करावा का, हा सवाल दूरदेशच्या हौशी संग्राहकांचाच आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्याने दिवाळीचा हा बाहुला हातात घेऊन बघावा. सवाल आपल्या अंगणातलाच आहे.

माझा भाचा पुण्यात, कोंढव्यात राहतो. वय अकरा. त्याला या बाहुल्यांचं वेड आहे. तो सोसायटीतल्या मुलांबरोबर दरवर्षी किल्ला करतो, चिखल तुडवतो, रात्री जागतो. गेल्या वर्षी भाऊबीज झाली, किल्ला मोडला आणि मुलांनी बाहुले वाटून घेतले. त्याच्या वाट्याला दोन मावळे, एक तोफ आणि खान आला. खान देताना मित्र हसत म्हणाले, "हा तुझा, तूच ने." त्यात वैर नव्हतं. पुढच्या क्षणी ते सगळे मिळून क्रिकेट खेळायला गेले असतील. सुट्टीत तो बुटाच्या खोक्यात हे सगळं घेऊन बीबीला आला आणि मला विचारलं, "मामू, खान मेरा कैसे हुआ?"

माझ्या अम्मीला, म्हणजे त्याच्या नानीला, खानाचं काही देणंघेणं नव्हतं. तिची तक्रार सरसकट सगळ्या बाहुल्यांवर होती. ज्या घरात मूर्ती-तसवीर असते तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. महाराज असोत, मावळे असोत की खान, तिच्या हिशेबाने सगळे खोक्यात आणि खोकं ओसरीवर. मी तिला हजरत आयेशांच्या (र.) खेळण्यातल्या घोड्याची आठवण दिली. अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात ती हकीकत आहे. त्यांच्या बाहुल्यांमध्ये कापडाचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख असतात का, असं पैगंबरांनी (स.) विचारलं. हजरत सुलेमानच्या घोड्यांना पंख होते, असं उत्तर मिळालं आणि पैगंबर खळखळून हसले. मुलांच्या खेळण्यांबाबत अनेक उलेमा सवलत देतात ती अशाच हदीसांच्या आधारे. अम्मी म्हणाली, "वो घोडा था, ये तो पूरा लष्कर है." पण खोकं ओसरीवरून आत आलं.

मूर्तीचा सवाल असा घरातल्या घरात मिटला. भाच्याचा सवाल मात्र तसाच उरला, आणि तो मला शाळेत रोज भेटणारा सवाल आहे. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. बालभारतीचं चौथीचं 'शिवछत्रपती' उर्दूतही आहे. माझ्यासमोर बसलेल्या वर्गात एकेका बाकावर दोन-दोन 'खान' असतात. प्रतापगडाचा प्रसंग आला की काही मुलं मान खाली घालतात आणि एखादा उगाच हसतो. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना विजापूरच्या एका सरदाराबद्दल अवघडल्यासारखं का वाटावं? त्याने काय केलं हे त्यांना नीट माहीतही नसतं. पण आपण कोणाच्या बाजूचे समजले जातो, हे त्यांना माहीत असतं.

काही भली माणसं म्हणतात, खान काढूनच टाका. किल्ल्यावर नको, देखाव्यात नको, पोस्टरवर नको. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली आणि लोण आजूबाजूच्या शहरांत गेलं. ते आठवलं की या सल्ल्यामागची भीती समजते. तरीही मला तो पटत नाही. खान काढला तर प्रतापगड म्हणजे नुसतं सहलीचं ठिकाण उरेल. महाराजांसमोर केवढं संकट उभं होतं, हे मुलांना कसं कळणार? अफझलखान हा काही किरकोळ माणूस नव्हता. १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद झाली तेव्हा त्यांना विजापूरला नेण्यात त्याचा हात होता. शिरे प्रांतात कस्तुरीरंग या राजाला भेटीला बोलावून मारल्याचा ठपका त्याच्यावर आहे. महाराज अंगात चिलखत घालून का गेले, याचं उत्तर या मागच्या हिशेबात आहे. म्हणून खान खोक्यात राहिला पाहिजे. प्रश्न, तो तिथे कसा राहतो याचा आहे.

यासाठी थोडं दूर जाऊ. १९३०च्या दशकात जर्मनीत एलास्टोलिन आणि लिनिओल हे खेळण्यांचे कारखाने लाकडाचा भुसा आणि गोंद यांच्या लगद्यातून सैनिक बनवत. त्यात हिटलरचा बाहुला होता, सलामीसाठी हात वर करता येणारा. मुलं त्याच्याशी प्रेमाने खेळली. आज तेच बाहुले जगभरचे संग्राहक विकत घेतात. कोणी त्या काळाची साक्ष म्हणून घेतो, कोणी मनातल्या मनात सलामी द्यायला. बाहुला तोच असतो. जर्मनीत नाझी चिन्हं मिरवणं हा गुन्हा आहे, पण अभ्यासासाठी आणि शिक्षणासाठी ती दाखवायला कायद्यात वाट ठेवलेली आहे. म्हणजे तिथला कायदाही वस्तूबरोबर तिचं तुम्ही काय करता हे बघतो.

आपल्याकडे हिटलर लांबचा, त्यामुळे स्वस्त. २००६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरला 'हिटलर्स क्रॉस' नावाचं रेस्टॉरंट निघालं. मालकाला नाव लक्षवेधी वाटलं असावं. मुंबईच्या ज्यू समाजाने हरकत घेतली तेव्हा नाव बदललं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. महाराष्ट्रातले बेने इस्राएल ज्यू हे कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले आपलेच मराठी बोलणारे लोक. म्हणजे हिटलरच्या नावाने ज्याच्या काळजात कळ यावी असा माणूस शेजारच्या गल्लीत मराठीत बोलत होता, आणि नाव ठेवणाऱ्याला तो दिसलाच नव्हता.

यातून मला एक साधी कसोटी सापडते. खलनायकाची वस्तू घरात असेल, तर त्याने ज्यांच्यावर जुलूम केला त्यांच्या लेकरांना ती तुम्ही डोळ्याला डोळा भिडवून दाखवू शकता का?

ही कसोटी आमच्या पोरांनाही लावली पाहिजे. आज मातीच्या बाहुल्यांपेक्षा मोबाइलच्या स्टेटसवरचे बाहुले जास्त फिरतात. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात असल्याच स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपूर पेटलं. औरंगजेबाचं चित्र स्टेटसला ठेवणाऱ्या पोराला मी विचारतो, याने आपल्या बापाला कैद केलं, भावांना मारलं, तुला यातलं काय आवडलं? त्याला उत्तर देता येत नाही, कारण त्याचं औरंगजेबावर प्रेम नसतंच. कोणीतरी डिवचलं, म्हणून त्याने डिवचलं. पण संभाजी महाराजांचे हाल आठवून आजही ज्याचे डोळे भरतात त्या मित्राला तू हे चित्र समोर बसून दाखवशील का? नाही ना? मग ते ठेवू नकोस. पोलिसांच्या भीतीने नव्हे, त्या मित्राच्या लाजेने.

पण माझ्या भाच्याच्या बाबतीत ही कसोटी अर्धीच पुरते. खानाचा बाहुला पाहून मराठ्यांच्या लेकरांना दुखत नाही, उलट अभिमान वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. दुखतं ते ज्याच्या हातात "हा तुझा" म्हणून खान ठेवला जातो त्याला. म्हणून कसोटीचा दुसरा भागही हवा. खलनायकाच्या निमित्ताने आपण एखाद्या निरपराधाला त्याचा वारस ठरवतो आहोत का? मेलेल्या सरदाराला जिवंत वारस चिकटवला की बाहुला खेळणं राहत नाही, आरोपपत्र होतं. आणि स्टेटसवाला पोरगा तेच आरोपपत्र स्वतःच्या सहीने कबूल करून बसतो.

आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यात सांगोळा गाव आहे. तिथे रावणाची दहा तोंडांची दगडी मूर्ती आहे आणि गावकरी तिची पूजा करतात. देशभर दसऱ्याला रावण जळतो, सांगोळ्यात जळत नाही. गाव रामालाही मानतं. त्या गावकऱ्यांना कोणी 'रावणाचे वारस' म्हणून दम देत नाही, त्यांच्याकडून माफीनामा मागत नाही. एवढी सैल दोरी महाराष्ट्राने रावणाला दिली आहे. तिची थोडी लांबी चौथीतल्या एखाद्या शेख-पठाणालाही मिळायला काय हरकत आहे? त्याला तर खानाची पूजाही करायची नाही.

मग भाच्याला काय सांगायचं? असा सवाल आला की आम्ही मुसलमान एक यादी म्हणून दाखवतो. पायदळाचा सरनोबत नूरखान बेग, आरमाराचा दौलतखान, सिद्दी हिलाल, काझी हैदर. यादी खरी आहे, पण हजेरीसारखी म्हणून म्हणून ती गुळगुळीत झाली आहे. मी त्याला यादी दिली नाही. खोकं उघडलं आणि विचारलं, प्रतापगडाच्या पायथ्याशी त्या दिवशी आणखी कोण कोण होतं? महाराजांच्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता, आणि खानाच्या फौजेत मराठे सरदार होते. आमच्या बीबीहून जवळच्या सिंदखेडराजाचं बघ. दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी लाखो लोक येतात. त्यांचे वडील लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले बडे सरदार, पुढे मोगलांकडेही गेले, आणि १६२९ मध्ये निजामशाहाच्या दरबारात मुलांसह मारले गेले. तेव्हाच्या बाजू दौलतींच्या होत्या. कोणाचं नाव काय, यावरून बाजू ओळखायला गेलास तर पहिल्याच वळणावर चुकशील.

खोक्यात मावळे होते, पण सिद्दी इब्राहिम नव्हता. बाजारात तो मला तरी मिळालेला नाही. खरा दोष मला तिथे दिसतो. खान खोक्यात आहे यात काही वाईट नाही. खोक्यात मुसलमान म्हणून फक्त खानच आहे, हे वाईट. मुलांच्या हातात जेवढे बाहुले दिले, तेवढाच इतिहास त्यांनी वाटून घेतला.

नवा बाहुला घडवायला अम्मीने परवानगी दिली नसती आणि मी मागितलीही नसती. मग आम्ही चिठ्ठ्या केल्या. एका मावळ्याच्या तळाला 'सिद्दी इब्राहिम, महाराजांचा अंगरक्षक' अशी चिकटवली. दुसऱ्याला जिवा महाला केलं. तोफेच्या बाजूला उभं राहायला माणूस उरला नाही, म्हणून कृष्णाजी भास्कर पुढच्या वर्षीच्या खरेदीत टाकले. खानाच्या तळाला काय लिहायचं यावर भाचा बराच वेळ अडला. शेवटी त्याने मराठीत लिहिलं, 'अफझलखान, विजापूरचा सरदार'. धर्म नाही, शिवी नाही, नोकरी कुठे होती तेवढं. मग मला विचारलं, याची कबर किल्ल्यावर दाखवायची का? प्रतापगडाच्या पायथ्याशी ती खरंच आहे, आणि खानाला इतमामाने दफन करण्याची आज्ञा महाराजांनीच दिली असं महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. मी म्हटलं, दाखव, पण मित्रांना विचारून. किल्ला सगळ्यांचा आहे.

आमच्या वर्गातही आता हा धडा आला की मी फळ्यावर त्या दिवशी हजर असलेल्यांची नावं लिहितो, दोन्ही बाजूंची, आणि मुलांना म्हणतो, ज्याला जो व्हायचं त्याने तो व्हावं. गेल्या खेपेला सिद्दी इब्राहिम व्हायला सहा हात वर आले, जिवा महाला व्हायला नऊ. खान व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मैं बनता हूँ, किसी को तो बनना पडेगा." त्याचं आडनाव खान नव्हतं.