पाहुणीचे पैसे

आमच्या घरी २००९ साली एक जर्मन मुलगी चार महिने राहून गेली. जर्मन सरकारने २००८ मध्ये 'वेल्टवेर्ट्स' नावाची योजना काढली होती. १८ ते २८ वयाच्या मुलामुलींनी सहा महिने ते दोन वर्षे परदेशात सामाजिक काम करायचे. त्यातून ती आली. मेळघाटच्या पायथ्याशी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत जायची आणि राहायला आमच्याकडे, अकोटात. मी नुकताच निवृत्त झालो होतो, मुले पुण्याला, माडीवरची खोली रिकामीच होती.

संस्थेचा माणूस म्हणाला, "सर, राहण्या-जेवणाचे दरमहा पैसे मिळतील." सौ.चा चेहराच उतरला. "पाहुन्याचे पैसे कोनी घेते काय?" विषय तिथेच संपला.

मग पाहुणचार सुरू झाला. झुणका-भाकर, ठेचा, वांग्याची भाजी, रोडगे. पोरगी प्रत्येक घासाला 'छान' म्हणायची, डोळ्यांत पाणी. आम्हाला वाटे, घरची आठवण येत असेल! ताट घासायला उचलले की सौ. हातातून काढून घ्यायची. दुपारी दार लोटून बसली की चहा घेऊन वर जायची, एकटीला करमत नसेल म्हणून.

पंधरा दिवसांनी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने विचारले, "सर, तुमची पाहुनी रोज दोन पुडे बिस्किटं नेते. घरी जेवत नाही काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले. बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, तुम्ही पैसे घेत नाही. फुकट जेवायचे आणि वर तक्रार कशी करायची?

चाळीस वर्षे मास्तरकी केली, पण हे मला कधी सुचले नव्हते. जिमी कार्टर यांच्या आई लिलियनबाई १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून विक्रोळीला आल्या होत्या. त्या तिथल्या गोदरेजच्या वसाहतीत राहत. कोणाच्या पाहुण्या नव्हत्या. बिस्किटांवर दिवस काढले असते तरी कोणाला वाईट वाटायचा प्रश्न नव्हता. आमच्या पोरीला तीही सोय नव्हती.

सौ.ला समजावायला दोन दिवस लागले. शेवटी पैसे घेतले. दुसऱ्याच दिवशी पोरगी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काकू, मिरची कमी." सौ. अर्धा तास फुगून बसली. मग तिलाच भाजी फोडणीला घालायला लावली. त्या दिवसापासून ताटेही तीच घासू लागली. माडीचे दार बंद असले की चहा खालीच राहायचा, निवला तरी.

पैसे मात्र खर्चायला सौ. तयार होईना. रव्याच्या डब्यात दोन वर्षे पडून होते. मग माझे गुडघे गेले आणि त्यातून कमोड बसवला. पोरीला इथे असताना उकिडवे बसायचा किती त्रास झाला असेल, ते मला तेव्हा कळले. आता मी पंच्याहत्तरीत आहे. सौ. त्याला अजून 'जर्मन संडास' म्हणते.