तंजावूरचा राजवाडा आणि परक्याचं मूल

तंजावूरला जाणारे मराठी प्रवासी सहसा एक ठरलेला क्रम पाळतात. सकाळी बृहदीश्वराचं दर्शन, मग एखादं रेशमी पातळ किंवा तंजावरी चित्र आणि जाता जाता अर्ध्या तासात राजवाडा. तुम्ही मात्र तसं करू नका. राजवाड्यासाठी निदान एक दिवस राखून ठेवा. आपल्या माणसांनी परमुलखात संसार कसा थाटला आणि दाराशी आलेल्या परक्यांना कसं वागवलं, हे पाहायचं असेल तर याहून चांगली जागा नाही.

ईस्ट मेन स्ट्रीटवरून आत शिरलं की एकामागून एक चौक लागतात. हा राजवाडा बांधायला घेतला तो नायक राजांनी, सोळाव्या शतकात. नायक मूळचे तेलुगू. पुढे १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी विजापूरचे सरदार म्हणून इकडे आले आणि इथलेच राजे झाले. भोसल्यांनी या वाड्यात भर घातली आणि १८५५ पर्यंत इथून राज्य केलं. म्हणजे तमिळ मुलखातल्या या वाड्याचे दोन्ही धनी बाहेरून आलेले!

राजे तलवार घेऊन आले, म्हणून त्यांना कुणी कागद विचारले नाहीत. त्यांच्यामागून जी माणसं आली, ती पोटासाठी आली. कारकून, शिपाई, पुराणिक, कीर्तनकार, आचारी. त्यांची मुलं इथंच जन्मली आणि इथंच मोठी झाली. बऱ्याच घरांतलं आडनाव गळून गेलं, नावापुढचं ‘राव’ तेवढं उरलं. तमिळ शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात. घरात तमिळ शब्दांनी भरलेली मराठी आणि बाहेर अस्खलित तमिळ, असा त्यांचा रिवाज. गावात मानोजीअप्पांच्या नावाची गल्ली आहे. राजे शहाजी यांनी तर ‘पंचभाषाविलास’ नावाचं पाच भाषांचं नाटकच लिहिलं. आलेला माणूस दोन-तीन पिढ्यांत कसा इथला होऊन जातो, याचं हे जितंजागतं उदाहरण.

हात जोडलेला राजा

वाड्यातल्या कलादालनात चोळांच्या काळातल्या कांस्यमूर्ती आहेत. त्या पाहताना भान हरपतं. पण तिथेच दरबारात उभा असलेला पांढऱ्या संगमरवराचा पुतळा चुकवू नका. डोक्यावर उंच, निमुळतं पागोटं आणि जोडलेले हात. हे सरफोजी राजे (दुसरे). जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकारानं तो घडवला.

या राजाची कहाणी ऐकण्यासारखी आहे. तुळजाजी राजांनी १७८७ साली त्याला दत्तक घेतलं, तेव्हा तो दहा वर्षांच्या आसपासचा होता. लगेच वाद उभा राहिला. मुलाचं वय जास्त, शिवाय तो बापाचा एकुलता एक, तेव्हा दत्तविधान शास्त्राला धरून नाही, असा आक्षेप निघाला. ईस्ट इंडिया कंपनीनं तुळजाजींचे भाऊ अमरसिंग यांना गादी दिली. मुलाचा सांभाळ केला तो श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन मिशनऱ्यानं, म्हणजे तोही परकाच. पुढे पंडितांचं मत पुन्हा घेतलं गेलं, दत्तविधान योग्य ठरलं आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. ‘या घरावर तुझा हक्क नाही’ हे ज्यानं लहानपणीच ऐकलं, तोच पुढे या घराचा धनी झाला.

धनी म्हणजे तरी कितपत? १७९९ च्या तहानं राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, आसपासचा भाग आणि नेमणूक उरली. मग त्यांनी ग्रंथ जमवले. सरस्वती महाल ग्रंथालयात आज हजारो संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं आहेत, शिवाय मोडी दफ्तराची गाठोडी. १९१८ पासून हे ग्रंथालय सर्वांना खुलं आहे.

छत्रातली बाळंतीण

सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. विषय होता छत्रांचा. छत्र म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरची धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. बाकी सगळं गेलं तरी चालेल, पण ही छत्रं माझ्याकडे राहू द्या, अशी राजाची विनवणी होती.

तिथे काय काय होतं, हे त्या पत्रात तपशीलवार दिलं आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत कुणीही वाटसरू आला तरी त्याला जेवण. आजारी पडला तर बरा होईपर्यंत औषध आणि पथ्य. गरोदर बाई आली तर तिची देखभाल. ती तिथेच बाळंत झाली तर खर्च, औषधं आणि तीन महिने राहण्याची मुभा. परक्याचं मूल पोरकं झालं तर ते शाळामास्तरांच्या हवाली. त्याला तीन वेळ जेवण, चार दिवसांनी एकदा तेलाचं न्हाणं, कपडे, आवडीच्या विद्येचं शिक्षण आणि शेवटी लग्नाचा खर्चसुद्धा!

बाई कुठली, मुलाचा बाप कोण, असल्या प्रश्नांना त्या यादीत जागा नाही. आज जगभर जो वाद पेटला आहे, त्याच्या मुळाशी नेमके हेच प्रश्न आहेत. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला, की आई बेकायदा किंवा तात्पुरत्या परवान्यावर राहत असेल आणि बापही नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसेल, तर तिथे जन्मलेल्या मुलाला नागरिक मानू नये. तो आदेश लगेच न्यायालयांत गेला. पण नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या कितीतरी मराठी घरांत तेव्हा डोहाळजेवणाच्या गप्पांतही ही चिंता शिरली.

आपल्याकडचा नियमही फारसा सैल नाही. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेलं मूल, अगदी मोजके अपवाद सोडले तर, जन्मानंच भारतीय. त्यानंतर आईबापांपैकी एक जण नागरिक असणं आवश्यक झालं. ३ डिसेंबर २००४ पासून तर एक नागरिक असला, तरी दुसरा बेकायदा आलेला नसावा, अशी अट आली.

समुद्रापलीकडची माणसं

तंजावूरला हा प्रश्न नवा नाही. इंग्रजी अमलात तंजावूर, तिरुचिरापल्ली, मदुरा या भागांतली दुष्काळानं गांजलेली कुटुंबं सिलोनच्या चहा-कॉफीच्या मळ्यांत गेली. त्यांची मुलं-नातवंडं तिथेच जन्मली. पण सिलोन स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या कायद्यानं त्यांतली लाखो माणसं कुठल्याच देशाची उरली नाहीत. १९६४ मध्ये शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. पावणेदहा लाख माणसांपैकी सव्वापाच लाख भारतानं घ्यायची, तीन लाख सिलोननं ठेवायची, आणि उरलेल्यांचं नंतर पाहायचं! १९८३ नंतर यादवीमुळे श्रीलंकेतून निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूत आले. त्यांच्या शंभराहून अधिक छावण्यांमध्ये पन्नास हजारांवर माणसं राहत आली. २०२१ मध्ये राज्य सरकारनं त्यांची मदत वाढवली, तेव्हा ती कुटुंबप्रमुखाला महिना १५०० रुपये आणि मुलाला ५०० रुपये झाली. एवढ्यात घर कसं चालतं, हे वाचक भगिनींना वेगळं सांगायला नको.

मंडपम् छावणीत १९८६ साली जन्मलेल्या एका बाईंना पासपोर्ट नाकारला गेला. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तारखेवर बोट ठेवलं. जन्म १ जुलै १९८७ च्या आधीचा, म्हणून त्या भारतीय. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी मत दिलं. त्याच छावणीत दोन वर्षांनी जन्मलेल्या मुलीला हा निकाल उपयोगाचा नाही. पाळणा तोच, फक्त तारीख वेगळी.

दुसरी बाजूही खोटी नाही. आसामातल्या लोकांना आपली भाषा आणि जमीन हातची जाईल अशी भीती वाटली, आणि १९८५ च्या आसाम करारानंतर कायदा बदलला. तिजोरी अथांग नसते. सरफोजींच्या छत्रालाही तीन महिन्यांची मुदत होतीच.

पण तीन महिन्यांत आई सावरते, पुढे जाते. मुलाचं काय? छत्रानं त्याला भाकरी आणि पाटी दिली, पण ती राजाची कृपा होती, हक्क नव्हता. कृपा किती टिकते, ते याच घराण्यानं पाहिलं. १८५५ मध्ये सरफोजींचे चिरंजीव शिवाजी राजे वारले. मुली होत्या, राण्या होत्या, पण मुलगा नव्हता. कंपनीनं राज्य तर बुडवलंच, खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं, की हे सरकारचं राजकीय कृत्य आहे, त्यात न्यायालयाला हात घालता येत नाही. मालमत्ता परत मिळाली ती १८६२ मध्ये, सरकारच्या मर्जीनं. म्हणजे ज्या घरानं शेकडो पोरक्यांना जेवू घातलं, त्या घरातल्या बायकांवरही दुसऱ्याच्या मेहेरबानीची वाट पाहण्याची वेळ आली.

मूल भुकेलं असेल तर आधी ताट वाढायचं, हे सरफोजींना कळलं होतं. आपल्या काळानं त्यापुढे एक पाऊल टाकायला हवं. जे मूल इथे जन्मलं, इथल्या शाळेत शिकलं आणि ज्याला दुसरा देश ठाऊकच नाही, त्याला ताटाबरोबर कागदही मिळायला हवा. मदत बंद होऊ शकते, पण हातात कागद असला की माणूस स्वतःच्या कमाईनं चूल पेटवू शकतो.

तंजावूरला गेलात तर आणखी एक करा. पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्राची जुनी वास्तू आहे. तिच्या दाराशी पाच मिनिटं थांबा. आपल्याच माणसांनी, परक्या मुलखात, परक्यांच्या लेकरांसाठी उभारलेली ती वास्तू आहे.

कसे जाल? तंजावूर हे रेल्वे स्टेशन आहे. चेन्नई एग्मोरहून थेट गाड्या आहेत. जवळचा विमानतळ तिरुचिरापल्ली, तिथून रस्त्यानं सुमारे ६० किलोमीटर. ओरत्तनाडूला तंजावूरहून बस मिळते. नोव्हेंबरच्या पावसानंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस फिरायला उत्तम.