मागचे चोवीस महिने

अर्थशास्त्राच्या सहकारी बाईंनी एका विद्यार्थ्याचा लघुप्रबंध भाषाशुद्धीसाठी आम्हांकडे दिला होता. कांद्याच्या भावावर डिझेलच्या दराचा परिणाम. 60 महिन्यांची आकडेवारी, आणि चालू महिन्यासह मागच्या 24 महिन्यांचा दर स्वतंत्र चल म्हणून घातलेला. सॉफ्टवेअरने निमूट उत्तर दिले : तिसऱ्या महिन्याचा दर भाव चढवणारा, चौथ्याचा उतरवणारा. त्या विसंगतीला आम्ही सुबक कारणे पुरवली! (तो आमचा व्यवसायच.)

पुढे बाईंनी हिशेब मांडला. हाती उरल्या 36 नोंदी, काढायचे सहगुणक स्थिरांकासह 26. शिवाय शेजारच्या महिन्यांचे दर इतके सारखे, की कोणाचा परिणाम किती, हे वेगळे होतच नाही. शर्ली आल्मन यांनी 1965 साली असे सहगुणक एका बहुपदी वक्रावर बसवून अज्ञातांची संख्या कमी केली. वक्र किती घातांचा, हे मात्र संशोधकानेच ठरवायचे.

आमची वाक्ये खोडायला गेलो, तेव्हा लघुप्रबंध सादर झालेला होता.