शहाळं काढायचं की नारळ पिकू द्यायचा?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या थळच्या वाडीतले बरेच माड आडवे झाले. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसात बाणवलीची रोपं लावली. त्यातल्या दोन माडांना यंदा पहिली पोय आलीय आणि घरात वाद सुरू झालाय. मुलगा म्हणतो शहाळी विकू, मी म्हणतो तेल काढू.

मुलाचं म्हणणं खोटं नाही. शहाळं सात महिन्यांत उतरतं, अलिबागला येणारा पर्यटक रोख पैसे देतो. तेलाचा नारळ मात्र बारा महिने झाडावर ठेवावा लागतो. तेवढ्यात उंदीर खातात, आणि वर चढणारा माणूस वेळेवर मिळेल तर शपथ! पण कोवळ्या खोबऱ्यात तेल नसतंच म्हटलं तरी चालेल, ते शेवटच्या महिन्यांत भरतं. म्हणून शहाळ्याचा भाव चढला की वाडीतलं तेल आधी संपतं.

जातीचाही प्रश्न आहे. रोपवाटिकेत आता ठेंगू नारंगी नारळाची मागणी जास्त. तीन-चार वर्षांत लागतो, पाणी गोड. शहाळ्याला उत्तम, पण त्याचं खोबरं वाळलं की चिवट होतं आणि तेल कमी देतं. बाणवली सहा-सात वर्षं थांबायला लावते, मग नातवंडांपर्यंत देत राहते.

आम्ही तेल ओल्या खोबऱ्याचं काढतो. आपल्या पावसाळी हवेत खोबरं वाळवायला गेलं की बुरशी धरते. म्हणून खवायचं, कोमट पाणी घालून दूध पिळायचं, गाळून काचेच्या बरणीत दिवसभर झाकून ठेवायचं. वर दह्यासारखा थर येतो, खाली आंबूस पाणी, मधे नितळ तेल. ते अलगद काढून दोनदा गाळायचं. पाण्याचा अंश राहिला की तेल खवट झालंच म्हणून समजा. आमच्याकडे लिटरला बारा ते पंधरा नारळ लागतात, म्हणजे शहाळ्याच्या भावाने हिशोब केला तर पोट दुखतं.

घाण्याचं तेल वाईट नाही, पण ते सुक्या खोबऱ्याचं. 'व्हर्जिन' म्हणायचं ते ओल्याचं. आणि बाटलीवर 'एक्स्ट्रा व्हर्जिन' छापणाऱ्यांनो, तो दर्जा ऑलिव्ह तेलाचा आहे. तिथे मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत लागते आणि चव तपासणारे लोक बसतात. नारळतेलात असा वेगळा दर्जाच नाही. थंडीत गोठलं म्हणजे शुद्ध, हेही सोडा. २४ अंशांच्या खाली रिफाइंड खोबरेलही गोठतं.

तर ठरलं असं. नव्या दोन माडांची शहाळी मुलाची. वादळात उभे राहिलेले जुने पाच बाणवली माड मी रंगाचा पट्टा मारून राखून ठेवलेत, त्यांचा एकही नारळ कोवळा उतरणार नाही. निम्मे तेलाला, निम्मे बियाण्याला. बी निवडताना वय वीसच्या पुढे, शेंडा छत्रीसारखा गोल, झावळ्यांचे देठ आखूड नि जाड, एवढं बघतो. पाच महिन्यांत कोंब न आलेला नारळ रोपासाठी ठेवत नाही. लवकर रुजलेल्या, बुंधा जाड असलेल्या रोपांचीच पुढच्या पावसात लागवड होईल, पंचवीस फुटांवर.