ओटीपीच्या पुढे काय होतं?

पहिल्या हॅकेथॉनला आमची टीम सहाजणांची, आणि विषय बाजार समितीत कांदा घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरांचा. लासलगावला लिलाव वाहनातल्या मालाचाच होतो. गर्दीच्या दिवसांत रांग लागते आणि आपला नंबर कधी येणार ते कुणाला सांगता येत नाही. आमचं ॲप ते सांगणार होतं. 36 तासांतले 11 तास आम्ही लॉगिनवर घालवले. शेतकऱ्याचं वेगळं, व्यापाऱ्याचं वेगळं, समितीचं वेगळं, वर मोबाईलवर ओटीपी. परीक्षकांसमोर मी नंबर टाकला आणि ओटीपी येईना. हॉल तळघरात, रेंज शून्य. 'पुन्हा पाठवा' दाबलं. परत दाबलं. पाचातली तीन मिनिटं अशीच गेली. शेवटी एक परीक्षक म्हणाले, "बरं, ओटीपी आला असता तर पुढे काय दिसलं असतं?" पुढे पांढऱ्या स्क्रीनवर 'लवकरच येत आहे' एवढंच लिहिलेलं होतं. ते काही मी त्यांना सांगितलं नाही.

आता मेंटॉर म्हणून बोलावणं येतं. रात्री दहाच्या सुमारास टेबलांमधून फिरताना मी एकच विचारते, "उद्या काय दाखवणार?" उत्तरात डेटाबेस येतो, मॉडेल येतं, ब्लॉकचेन तर हमखास येतं. दाखवायचं काय, ते मात्र ठरलेलं नसतं. खरं तर कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ते कागदावर यायला हवं. आमच्या कांद्याच्या ॲपला एक स्क्रीन पुरला असता: तुमचा नंबर 47, पुढे 12 वाहनं. समितीच्या माणसाने 'लिलाव झाला' दाबलं की शेतकऱ्याच्या फोनवर 12 चे 11 व्हायचे. बस. लॉगिन नको, शेतकऱ्याचं नाव थेट कोडमध्येच लिहून टाकायचं. यावर शिस्तीत वाढलेले डेव्हलपर नाक मुरडतात. पण कॉलेजात मी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला बॅकस्टेज करायची. तिथे घर उभं करायचं म्हणजे एक चौकट उभी करायची. ज्या दारातून पात्र येणार तेवढं दार नीट उघडलं म्हणजे झालं.

ते दार मात्र खरोखर उघडलं पाहिजे. म्हणून पहिल्या रात्रीच बटणापासून डेटाबेसपर्यंत आणि तिथून परत दुसऱ्या फोनपर्यंत एक धागा ओवून घ्यावा, कितीही कुरूप दिसला तरी. "फ्रंटएंड तू, बॅकएंड मी, सकाळी जोडू" म्हणणाऱ्यांची सकाळ मी पाहिली आहे. पुढे एकदा हेच रांगेचं काम आम्ही पुन्हा केलं, तेव्हा पहाटे तीनला दोघांचा कोड मर्ज केला आणि रांग दिसली ती अशी: 1, 10, 11, 2. एकाने टोकन नंबर अंक म्हणून धरला होता, दुसऱ्याने मजकूर म्हणून. दहावा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या पुढे! खऱ्या बाजार समितीत यावरून डोकी फुटली असती. दुरुस्ती एका ओळीची होती, पण ती सापडायला दीड तास लागला, कारण आम्ही सहाही जण जागे होतो. पाळी लावून झोपा. झोपून उठलेल्याला ती चूक चहा संपायच्या आत दिसते.

हॅकेथॉन हा शब्द 1999 साली रूढ झाला. कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करणारे दहाजण एकत्र बसले होते. काम क्रिप्टोग्राफीचं, आणि अमेरिकेचे निर्यातीचे कायदे आड येत होते, म्हणून बैठक सीमेपलीकडे. त्यांना चालणारा कोड हवा होता, रंगीत स्लाइडशी देणंघेणं नव्हतं. आपल्याकडे 2017 पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन होतं. त्यात बरेच प्रश्न मंत्रालयं आणि सरकारी खाती देतात. त्या खात्याचा माणूस भेटला तर तंत्रज्ञान ऐकवत बसू नका. आज हे काम तुम्ही कसं करता, एवढं विचारा. "वहीत लिहितो," असं उत्तर आलं तर ती वही बघायला मागा. तिच्यातले रकाने म्हणजे तुमचा अर्धा डेटाबेस.

बाकी बारीकसारीक. डेमोच्या चार तास आधी नवं काही लिहायचं नाही. चालणाऱ्या ॲपचा व्हिडिओ काढून लॅपटॉपवरच ठेवायचा, हॉलच्या वायफायच्या भरवशावर नाही. मालाच्या रकान्यात 'एबीसी' नको. तिथे 'उन्हाळ कांदा, 20 क्विंटल' असं दिसलं की परीक्षक पुढे झुकतात, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

त्या पहिल्या दिवशी आम्ही तळघरातून वर आलो आणि समोरच्या टपरीवर सहा कटिंग सांगितले. तेवढ्यात रेंज आली. माझ्या फोनवर एकापाठोपाठ एक पाच ओटीपी येऊन पडले.